शब्बाथ शाळेत प्रीती, क्षमा आणि आशा कशी शिकवावी

शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या (चर्चच्या) रविवारच्या मुलांच्या बायबल-वर्गात, शिकवणाऱ्यांच्या हाती बहुधा पाऊण तास असतो, समोर निरनिराळ्या वयांची मुले बसलेली असतात आणि पाठाच्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलेले असते. ते तात्पर्य वाचून दाखवणे सोपे असते आणि मुलेही ते चटकन पाठ करतात. "सर्वांवर प्रीती करावी" हे वाक्य पाच वर्षांचे मूलही खणखणीत आवाजात म्हणून दाखवते आणि पुढच्याच क्षणी शेजारच्याची खडूची पेटी ओढून घेते. याचा दोष मुलाचा नाही. तात्पर्य आधी हाती आले की गोष्टीत शिरण्याचे कारणच उरत नाही. म्हणून येथे सुचवलेली पद्धत अशी आहे की, गोष्ट पूर्ण सांगावी, तिच्यातील अडचण मुलांपुढे उघडी ठेवावी आणि निष्कर्ष काढण्याची घाई शिक्षकाने करू नये. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या वर्गाला आणि घरी शिकवणाऱ्या आईवडिलांनाही ती तितकीच लागू पडते.

क्रम प्रीती, क्षमा, आशा असाच ठेवावा. आपल्यावर कोणी प्रेम करते याचा अनुभव नसलेल्या मुलाला क्षमेचा पाठ ही आणखी एक शिक्षा वाटते. एका गोष्टीला किमान दोन रविवार द्यावेत. पहिल्या रविवारी गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या रविवारी ती मुलांकडून ऐकावी, कारण मुलांनी काय गाळले आणि काय वाढवले यावरून पुढे काय बोलायचे ते कळते.

प्रीतीसाठी चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10:25–37) बहुतेक ठिकाणी निवडला जातो. लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) टाळून पुढे जातात, आणि परका शोमरोनी त्याला उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतो. परंतु तो "गरजूंना मदत करा" एवढ्यावर आणून ठेवला की त्याचा कणाच मोडतो. यहूदी आणि शोमरोनी यांच्यातील दुरावा आधी सांगावा. विहिरीवरच्या स्त्रीने येशूला विचारलेला प्रश्न (योहान 4:9) येथे फार उपयोगी पडतो, कारण यहूद्याने शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागावे याचेच तिला आश्चर्य वाटते. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हा हिशेब आपल्या गावांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या मुलांना तो नक्की कळतो, आणि मंडळीच्या आतही त्याच्या खुणा शिल्लक आहेत हे त्यांच्या कानांवर आलेले असते. तेव्हा शिक्षकाने अवघडून विषय बदलू नये.

रस्त्याचेही वर्णन करावे. यरुशलेमहून यरीहोकडे जाताना 25 ते 30 किलोमीटरांत सुमारे हजार मीटर खाली उतरावे लागते आणि वाट ओसाड, खडकाळ आहे. घाट उतरलेल्या मुलांना ती लगेच दिसते. मग प्रत्येक पात्राला काय गमवावे लागले असते ते विचारावे. याजकाला आणि लेव्याला थांबण्याची भीती का वाटली असेल? शोमरोन्याने तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर आणि दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, खर्च केली आणि वर लागेल तो खर्च परतताना देण्याचा शब्दही दिला. हा हिशेब फळ्यावर मांडला की, प्रीती ही गोड भावना आहे असे समजणारी मुले विचारात पडतात. नाटुकले बसवायचे असल्यास उतारशाळेच्या मालकाचे पात्र विसरू नये. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून अनोळखी माणसाची काळजी घेणारा तो मनुष्य बहुतेक पाठांतून उगाचच वगळला जातो.

अगदी लहान मुलांसाठी जक्कय या जकातदाराची गोष्ट (लूक 19:1–10) अधिक सोयीची आहे. मराठी बायबलात तो उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर मुलांनी पाहिलेला असतो. एवढेच लक्षात ठेवावे की, येशू त्याच्या घरी उतरायचे आधी ठरवतो आणि जक्कय पैसे परत करण्याची भाषा नंतर करतो. हा क्रम सांगताना उलटा झाला, तर मुले घरी हेच घेऊन जातात की चांगले वागल्याशिवाय देव आपल्याकडे येत नाही.

क्षमेच्या पाठाला सर्वांत जास्त रविवार राखून ठेवावेत, कारण सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. सुरुवात पेत्राच्या प्रश्नापासून करावी. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का? हा प्रश्न मुलांना अगदी वाजवी वाटतो. त्याला उत्तर म्हणून येणारा निर्दय चाकराचा दाखला (मत्तय 18:21–35) गणिताच्या वहीत सोडवून घ्यावा. राजाने ज्याचे प्रचंड कर्ज सोडले, तोच चाकर आपल्या सोबत्याचे लहान कर्ज सोडत नाही. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. आजची रोजंदारी 500 रुपये धरली, तर पहिल्या चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज 3,000 कोटी रुपये होते आणि त्याच्या सोबत्याचे शंभर दीनारांचे कर्ज 50,000 रुपये होते. पहिला आकडा ऐकून मुले हसतात, कारण ते कर्ज फेडणे कोणालाही शक्य नाही. दुसऱ्या आकड्यापाशी मात्र थांबावे. 50,000 रुपये ही मजुराच्या घरात लहान रक्कम नव्हे. म्हणजे ज्याने आपल्याला दुखावले, त्याच्यामुळे आपले खरोखरच नुकसान झाले, हे येशूचा दाखला नाकारत नाही. "एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडतोस" असे म्हणून क्षमा शिकवणाऱ्या मोठ्यांनी हा भाग स्वतःसाठीही एकदा वाचावा. त्यानंतर प्रभूच्या प्रार्थनेतील ऋण सोडण्याची ओळ म्हणून घेतली, तर दर रविवारी सवयीने म्हटल्या जाणाऱ्या त्या ओळीचा आणि वहीतल्या आकड्यांचा संबंध मुले स्वतःच जोडतात.

नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या आणि पुढे मिसरात अधिकारी झालेल्या योसेफाचे कथानक (उत्पत्ती 37–50) घ्यावे, आणि ते रंगीत झग्यावर अडकून राहू देऊ नये. सदतिसाव्या अध्यायात योसेफ सतरा वर्षांचा आहे. भावांना तो आपली ओळख देतो तोपर्यंत वीसहून अधिक वर्षे लोटलेली आहेत. भाऊ समोर आल्याबरोबर तो त्यांना मिठी मारत नाही. तो बाजूला जाऊन रडतो, परत येतो, त्यांची परीक्षा पाहतो. त्याला विकून टाकण्याची कल्पना भाऊ यहूदाने काढली होती, आणि चव्वेचाळिसाव्या अध्यायात धाकट्या भावाऐवजी, बन्यामिनाऐवजी, स्वतः गुलाम होण्यास तयार होतो तोही यहूदाच. हे ऐकल्यावर योसेफाला राहवत नाही. क्षमा करणे आणि पुन्हा विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला वेळ लागतो, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगणारे कथानक मला ठाऊक नाही. एवढी लांब गोष्ट सांगताना कीर्तनाची रीत कामी येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) भजन-कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. त्याच धर्तीवर आख्यानाच्या मध्ये मध्ये ध्रुपदाची एकच ओळ मुलांकडून म्हणून घ्यावी. लहान मुलेही मग अर्धा तास कंटाळत नाहीत.

वर्गातच भांडण झाले तर काय करावे? दोघांना समोरासमोर उभे करून "सॉरी म्हण, आणि तू माफ केले म्हण" हा आपल्याकडचा रूढ प्रकार शक्य तितका टाळावा. दोघांना वेगवेगळे बसवावे आणि काय घडले ते प्रत्येकाकडून पूर्ण ऐकावे. ज्याने चूक केली त्याच्याकडून झालेले नुकसान भरून घ्यावे. वही फाडली असेल तर पाने चिकटवून द्यावीत. ज्याला लागले आहे त्याला मात्र त्याच दिवशी क्षमा करण्याची सक्ती करू नये. त्याच्यासोबत प्रार्थना करावी आणि पुढच्या रविवारी हळूच विचारावे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक 15) सर्व उधळून परतलेल्या धाकट्याचे स्वागत झाले म्हणून थोरला रागावतो. बाप त्या थोरल्या मुलाकडे स्वतः बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो, पण त्याला ओढून आत नेत नाही. थोरला शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलेले नाही, आणि शिक्षकानेही ते स्वतःच्या मनाने सांगू नये. मुलांनाच विचारावे. अनेक मुले थोरल्याची बाजू घेतील. त्यांना टोकू नये.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्ध शब्दांत आणि प्रत्येक वयाच्या वर्गात सांगितली गेली पाहिजे. कोणी मुलाला मारहाण करत असेल, नकोसा स्पर्श करत असेल किंवा "हे कोणाला सांगू नकोस" असे बजावत असेल, तर ते सांगणे म्हणजे क्षमा न करणे नव्हे. तो माणूस नात्यातला असो, शिक्षक असो वा मंडळीतला असो, सांगायलाच हवे. मुलांसाठीचा 1098 हा हेल्पलाइन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. मुलाने शिक्षकाला असे काही सांगितले, तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू किंवा क्षमेची शिकवण पुढे करून ते दडपता येत नाही. क्षमेचा पाठ देणाऱ्याला ही तयारी नसेल, तर त्याने तो पाठ घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आशेचा पाठ देताना इंद्रधनुष्य आणि फुलपाखरे यांचा मोह होतो. त्याऐवजी यिर्मया संदेष्ट्याचे शेत घ्यावे (यिर्मया 32). बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा चुलतभाऊ अनाथोथ येथील शेत विकायला येतो. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन कोण घेईल? यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखतावर सही-शिक्का करतो आणि ते मडक्यात घालून जपून ठेवायला सांगतो, कारण या देशात लोक पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतील असे देवाने म्हटले आहे. पुढे नगर पडलेच, हे सांगायला चुकू नये. बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीत अनाथोथचे 128 पुरुष आहेत (एज्रा 2:23), हेही सांगावे. सातबाऱ्यावरून घरात झालेली बोलणी ऐकलेल्या मुलांना या व्यवहारातला वेडेपणा आणि धीर दोन्ही समजतात. नंतर प्रत्येकाकडून एका कागदावर, पुढे घडावेसे वाटते असे काही लिहून घ्यावे, कागद मडक्यात बंद करावेत आणि पुढच्या वर्षीच्या ईस्टरला उघडावेत. कागद कोणी वाचू नयेत आणि गाव सोडून गेलेल्या मुलाचा कागद त्याला पोहोचता करावा, एवढी जबाबदारी शिक्षकाची.

हा पाठ लेंतच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळात आला तर उत्तमच. उत्तम शुक्रवारवरून (येशूच्या मृत्यूच्या दिवसावरून) थेट ईस्टरवर (त्याच्या पुनरुत्थानावर) उडी मारण्याची आपल्याला सवय आहे, पण शनिवारी शिष्यांना काय वाटले असेल हे मुलांना विचारून पाहावे. त्यांना पुढचे काहीच ठाऊक नव्हते. अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य (लूक 24) पुन्हा उठलेल्या येशूला न ओळखता आपल्याला आशा होती असे भूतकाळात बोलतात, आणि येशू त्यांना न थांबवता त्यांचे सगळे ऐकून घेत बरोबर चालतो.

ज्या वर्गात एखाद्या मुलाने नुकतेच आजीला, वडिलांना किंवा भावंडाला गमावले आहे, तेथे हाच भाग वाचावा. "देवाला तुझे बाबा हवे होते, म्हणून त्याने नेले" असे मुलाला कधीही सांगू नये. त्यातून आशा मिळत नाही, देवाची भीती तेवढी बसते. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू रडला (योहान 11:35), आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला, एवढे सांगावे. पुनरुत्थानावरचा आपला विश्वासही सांगावा, साध्या शब्दांत आणि एकदाच. मुलाने "मग बाबा कधी भेटतील?" असे विचारले, तर "मला दिवस माहीत नाही, पण भेटतील असा आपला विश्वास आहे" हे उत्तर पुरेसे आहे. त्या आठवड्यात शिक्षकाने आणि शक्य असेल तर पाळकसाहेबांनी त्या घरी जाऊन यावे, आणि पुढच्या रविवारी ते मूल गप्प बसून राहिले तर त्याला बायबलचे वचन म्हणून दाखवायला उभे करू नये.