टाचेमागची शीर तुटली हे ओळखायचे कसे, शिवायची कशी

‘पाऊल खाली दाबता येते, म्हणजे शीर शाबूत आहे’ या समजुतीपायी अकिलीस टेंडनची, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या शिरेची, पूर्ण फाट पहिल्या तपासणीत निसटते आणि ‘मुरगळला’ म्हणून रुग्ण क्रेप बँडेज बांधून घरी जातो. पाऊल खाली नेणारे इतरही स्नायू आहेत: टिबिअॅलिस पोस्टिरिअर, पेरोनिअल, बोटे वाकवणारे. त्यांच्या जोरावर तो लंगडत चालतसुद्धा येतो. जमत नाही ते त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, असे त्याने सांगितले की सावध व्हा. सिप्रोफ्लॉक्सासिन गटातली औषधे किंवा स्टिरॉइड चालू आहेत का, हेही विचारा. दोन्हींनी शीर कमकुवत होते.

रुग्णाला पालथे झोपवा, पावले टेबलाच्या कडेबाहेर राहू द्या. गुडघे ९० अंशांत वाकवून आधी नुसते बघा. चांगल्या पायाचे पाऊल थोडे चवड्याकडे ताणलेले राहते, तुटलेल्या पायाचे सैल पडून सपाट होते. मग पोटरीचा जाड भाग मुठीत दाबा. पाऊल हलले नाही, तर शीर तुटली आहे. शेवटी टाचेच्या हाडापासून बोट वर सरकवत न्या. २ ते ६ सेंमीच्या पट्ट्यात ते खड्ड्यात पडते. पण थोड्या दिवसांत रक्त गोठून आणि सूज येऊन हा खड्डा भरतो. तो लागला नाही म्हणून शीर धड आहे, असे समजू नका.

एक्स-रे काढायचा तो टाचेच्या हाडाचा तुकडा निघाला आहे का, हे पाहायला. सोनोग्राफीला एकच प्रश्न विचारा: पाऊल खाली वाकवल्यावर तुटलेल्या शिरेची टोके जुळतात का?

जुळत असतील आणि इजा दोन आठवड्यांच्या आतली असेल, तर शस्त्रक्रियेविना, पाऊल खाली वाकवून धरणाऱ्या बुटावर उपचार हा बरोबरीचा पर्याय आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात वर्षअखेरीस पायाचे काम दोन्हीकडे सारखेच होते. पुन्हा तुटण्याचे प्रमाण मात्र शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के. उलट मज्जातंतूची इजा शस्त्रक्रियेत जास्त, त्यातही लहान छेदाच्या पद्धतीत. मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर जखम चिघळण्याची भीती धरूनच निर्णय घ्या.

शिवायचे ठरले, तर दोन्ही पाय निर्जंतुक करून मोकळे ठेवा. ते का, ते गाठ मारताना कळेल. ६ ते ८ सेंमीचा छेद शिरेच्या आतल्या कडेने घ्या, कारण सूरल मज्जातंतू बाहेरच्या बाजूने उतरतो. येथे कातडीखाली चरबी जवळपास नसतेच. सगळे थर एकत्र उचला, कडा चिमट्याने चुरगळू नका. पॅराटेनॉन, म्हणजे शिरेभोवतीचे पातळ आवरण, सरळ उघडा. शेवटी तो पुन्हा शिवायचा आहे. आत टोके पिंजलेल्या सुंभासारखी दिसतात. छाटून नेटकी करू नका, गोठलेले रक्त काढून नुसती विंचरा. २ नंबरच्या न विरघळणाऱ्या धाग्याने दोन्ही टोकांत क्रॅकोव टाके (शिरेच्या कडेने फास अडकवत नेलेले टाके) घाला आणि प्रत्येक फास ओढून त्याची ढिलाई तिथेच काढा. राहिलेली ढिलाई चालायला लागल्यावर निघते आणि शीर लांबते. लांबलेली शीर जुळते खरी, पण चवड्यावर उचलण्याची ताकद परत येत नाही. म्हणून गाठ मारताना दुसऱ्या पायाकडे बघा: दोन्ही पावले सारखी लोंबली पाहिजेत. शिवलेले पाऊल किंचित जास्त खाली चालेल, वर अजिबात नको.

पहिले दोन आठवडे पाऊल खाली वाकवून स्प्लिंट. टाके काढल्यावर टाचेखाली पाचरी घातलेल्या बुटात वजन टाकू द्या आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक पाचर काढा. सहा ते आठ आठवड्यांत पाऊल काटकोनात येते. त्यापलीकडे पोटरी ताणण्याचे व्यायाम या काळात कुणालाही करू देऊ नका. त्यानेही शीर लांबते. पोटरी सुजून दुखू लागली तर टाक्यांवर खापर न फोडता रक्ताच्या गुठळीसाठी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. बूट निघाल्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे. पाय घसरणे, जिन्यात पाऊल चुकणे एवढ्यानेही शीर पुन्हा तुटते. हे बूट काढायच्या दिवशीच रुग्णाला स्पष्ट सांगा.