लाल प्रोटीन जास्त चमकवायचंय? प्लेटवरच्या कॉलनीला भुलू नका

पेशीतल्या गोष्टींना जोडून त्या उजेडात उठून दिसाव्यात म्हणून वापरतात ते हे चमकणारं प्रोटीन; आधी ठरवा कशासाठी पाहिजे. काचेवर वाढवलेल्या पेशीच बघायच्या असतील तर ईजीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन मस्त चालतं, ४८८ नॅनोमीटरचा लेसर मारा, ५०७ च्या आसपास हिरवा उजेड येतो, काम झालं. पण जिवंत उंदराच्या पोटातला ट्यूमर बघायचा तर निळाहिरवा प्रकाश हिमोग्लोबिनच खाऊन टाकतं, तिथे जितकं लालकडे सरकाल तितकं बरं, साधारण ६५० नॅनोमीटरच्या पुढे.

सुरुवात कुठून करायची हे फार महत्त्वाचं. डीएसरेड हे समुद्री प्राण्यातलं लाल प्रोटीन, पण चार-चार जण हात धरूनच राहतात, ते ट्यूब्युलिनला (पेशीतले धागे ज्याचे बनतात ते प्रोटीन) जोडलं की सगळ्याचा गोळा. ते सुटं करून २००२ साली एमआरएफपी१ बनलं तेव्हा त्यात ३३ बदल करावे लागले, मग २००४ ला त्याच्यावरून एमचेरी. त्यामुळे आयतं सुटं मिळतंय ना, मग एमचेरीपासूनच सुरू करा, उगाच शहाणपणा नको.

आता प्रोटीनच्या जीनवर एरर-प्रोन पीसीआर, म्हणजे जीनच्या प्रती काढताना मुद्दाम चुका होऊ द्यायच्या. मँगनीज घातलं की टॅक पॉलिमरेज हे प्रती काढणारं एन्झाइम चुका करायला लागतं. एका जीनमागे दोन-तीन चुका बास, जास्त केल्या की बहुतेक कॉलन्या (प्लेटवर वाढलेले जीवाणूंचे पुंजके) पांढऱ्याच निघतात. ई. कोलाय जीवाणूंमध्ये घाला, रात्रभर ३७ डिग्रीला वाढवा आणि मग प्लेटा लगेच फेकू नका!! रंग पिकायला ऑक्सिजन आणि वेळ दोन्ही लागतं, दिवसभर फ्रिजमध्ये ठेवल्या की फिकट गुलाबी दिसणाऱ्या पण मस्त लालबुंद होतात. मग अंधारात हिरवा एलईडी आणि लाल फिल्टर घेऊन बघायचं.

इथेच आम्ही फसलो. एक कॉलनी अशी झगझगत होती की लॅबमध्ये चहा झाला तिच्या नावाने, सिक्वेन्स केली, म्हणजे जीनची अक्षरं वाचली, तर जीन जशीच्या तशी, बया नुसती शेजारणींपेक्षा जाडजूड होती. तेव्हापासून निवडलेलं प्रत्येक प्रोटीन शुद्ध करून, सारख्या कॉन्सन्ट्रेशनला आणूनच मोजतो. ब्राइटनेस म्हणजे प्रकाश किती शोषला गुणिले त्यातला किती परत दिला, दोन्ही आकडे पाहिजेत, आणि दिव्याखाली किती वेळ टिकतं तेही.

शेवटी ट्यूब्युलिनला जोडून हेला या लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशीत टाका. धागे बारीक, सुटे दिसले आणि पेशी नीट विभागल्या तर पुढे जा, ठिपके दिसले तर परत पीसीआर.