६८ म्हणजे ६८ नव्हे: ऑईलची यादी छोटी करताना या चुका टाळा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ऑईल-ग्रीस विकून माझी अठरा वर्षं झाली. दर एप्रिलला कुठल्यातरी परचेसवाल्याचा फोन येतोच, "साहेब, आमच्याकडे चौदा प्रकारची तेलं झालीत, पाचवर आणून द्या ना." मागणी रास्त आहे. चौदा बॅरल उघडे, अर्ध्यांची लेबलं तेलाने पुसली गेलेली, कुठलं कशात जातं ते फक्त स्टोअरच्या काकांना माहीत, आणि काका गणपतीत आठ दिवस रजेवर. यादी छोटी व्हायलाच पाहिजे, पण लोक ती एका दुपारी एक्सेल उघडून करतात आणि मग सहा महिन्यांनी मला गिअरबॉक्स बघायला बोलावतात.

आधी आमच्या विकणाऱ्यांचं पाप सांगून टाकतो. आमची कॅटलॉगं नावांवर लावलेली असतात. सुपर, मग सुपर प्लस, मग गोल्ड. गिऱ्हाईकाला मशीन माहीत असतं, नाव नाही, तो बिचारा पान उलटून उलटून कंटाळतो आणि शेवटी म्हणतो, "६८ द्या." आणि आम्ही देतो.

इथूनच माझी लाडकी चूक सुरू होते, फक्त नंबर बघणं. ६८ हा नंबर काय सांगतो? आयएसओ ३४४८ प्रमाणे ४० अंश सेल्सिअसला तेल किती जाड आहे एवढंच, ६८ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक), त्यात दहा टक्के इकडे-तिकडे. बस. आत काय घातलंय, कशासाठी बनवलंय, कशाशी भांडेल, यातलं काहीही तो नंबर सांगत नाही. हायड्रॉलिक ६८ असतं, स्लाइडवे (मशीनच्या सरकत्या भागांचं) ६८ असतं, टर्बाइन ६८ असतं, कॉम्प्रेसर ६८ असतं, आणि एक्सेलमध्ये "६८" वर फिल्टर लावला की चारही एकाच ओळीत येऊन बसतात आणि परचेसवाल्याला वाटतं चला, तीन नावं कमी झाली.

मी स्वतः हे करून बसलोय म्हणून बोलतोय. २०१२ ची गोष्ट. एका पॅकेजिंग युनिटची यादी मी चौदावरून पाचवर आणली, छान लॅमिनेट केलेला एक पानाचा तक्ता दिला आणि त्यात एक ओळ लिहिली, "कन्व्हेयर गिअरबॉक्स – गिअर ऑईल ३२०". कन्व्हेयर नऊ होते. आठांवर हेलिकल (तिरक्या दातांचे) गिअरबॉक्स, त्यांना साधं ईपी ३२०, म्हणजे जास्त दाब सोसणारं गिअर ऑईल, बरोबर. नववा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे स्क्रूने ब्राँझचं चाक फिरवणारा, बाहेरून आलेला, कंपनीतूनच पीएजी ३२० भरून आलेला. पीएजी म्हणजे पॉलीग्लायकॉल, सिंथेटिक, मिनरल तेलाशी त्याचं अजिबात जमत नाही. मी नेमप्लेट वाचलीच नव्हती, आठ बघितले आणि नववा तसाच असेल म्हणून पुढे गेलो. फिटरने तक्ता बघून इमानदारीत दोन लिटर टॉप अप केलं. चूक त्याची शून्य.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला की गिअरबॉक्सला हात लावता येत नाही इतका तापतोय आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) फेस येतोय. ड्रेन उघडला तर आधी पातळसं काहीतरी आलं, मग शेंबडासारखा गोळा, आणि ट्रेमध्ये उन्हात धरलं तर सोनेरी चमक. ती चमक म्हणजे वर्म व्हीलचं ब्राँझ, चूर होऊन तेलात उतरलेलं. थोडं तेल बाटलीत भरून ठेवलं तर हळूहळू दोन थर झाले, जड पीएजी खाली, मिनरल वर. ती बाटली अजून माझ्या टेबलावर आहे आणि कुणी "३२० म्हणजे ३२०" म्हणालं की मी ती फक्त पुढे सरकवतो. नवीन चाक यायला पाच आठवडे लागले, तोपर्यंत त्या लाइनवर माणसं हाताने खोके उचलत होती, आणि शेठनी मला काही बोललं नाही तेच जास्त लागलं. अर्धा खर्च मी दिला.

वर्मबद्दल अजून एक. काही ईपी तेलांमधला सल्फर गरम झाल्यावर ब्राँझवर हल्ला करतो, त्यामुळे पीएजी नसलं तरी वर्मला कुठलंही ईपी ओतू नका, बनवणाऱ्याने काय लिहिलंय ते बघा, बहुतेक ठिकाणी ४६० चं कंपाउंडेड (चरबीयुक्त पदार्थ मिसळलेलं) तेल किंवा सिंथेटिक लिहिलेलं सापडतं. वर्म गिअरबॉक्स मी यादी छोटी करण्याच्या खेळातून बाहेरच ठेवतो. कॉम्प्रेसर पण बाहेर. त्यात हायड्रॉलिक ऑईल घालून डिस्चार्ज व्हॉल्व्हवर कार्बनचा थर जमवणारे मी पुरेसे बघितलेत.

दुसरी लाडकी चूक मशीन शॉपवाल्यांची, आणि मकरपुऱ्यात तर गल्लोगल्ली मशीन शॉप. स्लाइडवे ६८ संपलं की हायड्रॉलिक ६८ ओततात आणि वर म्हणतात "चालशे". हा "चालशे" आमच्या जीआयडीसीतला सगळ्यात महाग शब्द आहे. स्लाइडवे ऑईल चिकट असतं, बेडवर टिकून राहतं आणि स्लाइड हळू चालताना अडकत-सुटत धक्के खात नाही. हायड्रॉलिक ऑईल कूलंटबरोबर धुऊन जातं, स्लाइड धक्के खाते, जॉबवर रेघा येतात, आणि मग मालक इन्सर्टवाल्याला (कटिंग टूलची पाती विकणाऱ्याला) शिव्या घालतो, टूल बदलतो, ऑपरेटर बदलतो, सगळं बदलतो, ऑईल सोडून. धुतलेलं ते तेल कूलंटच्या टाकीत जातं आणि पावसाळ्यात सोमवारी सकाळी शटर उघडलं की जो वास येतो त्यात त्याचाही वाटा असतो. उलटं पण करू नका, स्लाइडवेचं चिकट तेल हायड्रॉलिक सिस्टिममध्ये गेलं तर फिल्टर आणि व्हॉल्व्ह त्रास देतात. दोन वेगळे डबे ठेवायला जागा किती लागते हो?

"९० नंबर द्या" म्हणणारे. आयएसओमध्ये ९० नावाचा ग्रेड नाही, ते एसएई चं गाडीच्या गिअर ऑईलचं माप आहे, आयएसओत साधारण १५० ते २२० च्या आसपास पडतं. इंजिनचं ४० नंबर पण जाडीला त्याच्याच जवळपास, फक्त मोजपट्टी वेगळी. ९० मोठा म्हणून जास्त जाड हा हिशेब सोडा.

ग्रीस रंगावरून निवडणं, यावर बोलायचाच कंटाळा आलाय. निळा रंग म्हणजे फक्त निळा रंग. एनएलजीआय २ म्हणजे ग्रीस किती घट्ट एवढंच. मोटरच्या बेअरिंगमध्ये पॉलियुरिया जातीचं ग्रीस असेल तर त्यावर लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं मारू नका, दोन्ही मिळून पातळ होऊन गळू शकतं.

फार्मावाल्यांनो, फूड ग्रेड एच१ (चुकून मालाला लागलं तरी चालणारं तेल-ग्रीस) यादीतून काढून "पैसे वाचवले" म्हणून मला दाखवू नका.

मग एकत्र काय करता येतं? हायड्रॉलिकमध्ये भरपूर करता येतं. तीन ब्रँडचं एचएलपी ६८ (झीज रोखणारं हायड्रॉलिक ऑईल), तिन्हीवर डीआयएन ५१५२४ पार्ट २ हे जर्मन मानक लिहिलेलं असेल तर एक ठेवा, दोन काढा, बदलताना टाकी नीट रिकामी करा म्हणजे झालं. ४६ आणि ६८ एकत्र करायचं असेल तर आधी पंपाचं मॅन्युअल बघा. युरोपातलं मॅन्युअल तिकडची हवा धरून ४६ लिहितं, पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि टाकीतलं तेल साठ अंशांवर. साठला साधं ४६ निम्म्याहून पातळ झालेलं असतं. त्यामुळे पंप परवानगी देत असेल तर मी ६८ कडे झुकतो. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून उशाशी आहे म्हणून प्रत्येक बडोदेकराला वाटतं आपल्याला तेलातलं कळतं, पण मॅन्युअल उघडणारा माणूस मला वर्षाला एखादाच भेटतो.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. नवीन गिऱ्हाईकाला मी कॅटलॉग देतच नाही. व्हॉट्सॲपवर दोन फोटो मागतो, मशीनच्या नेमप्लेटचा आणि आत्ता जे तेल भरलंय त्या बॅरलच्या लेबलचा. मग विचारतो, काय फिरतंय, किती वेगाने, किती लोडवर, किती गरम होतं. उत्तर "माहीत नाही" आलं की स्कूटर काढून जातो. तक्ता बनवतो तो मशीनच्या नावाने, तेलाच्या नावाने नाही, आणि त्यात पूर्ण नाव लिहितो: "कन्व्हेयर ९, वर्म, पीएजी ३२०, दुसरं काहीही नाही". हे शेवटचे तीन शब्द २०१२ नंतर आले. तोच रंग आणि तोच आकार असलेला स्टिकर टाकीवर, बॅरलवर आणि ओतायच्या डब्यावर, म्हणजे लाल त्रिकोणाचा डबा लाल त्रिकोणाच्याच टाकीकडे जातो आणि काका रजेवर असले तरी काम अडत नाही. आकार यासाठी की सहा महिन्यांत लाल आणि नारिंगी दोन्ही काळेच दिसतात.

आणि एवढं सगळं करून बॅरल उघड्यावर उभा ठेवू नका. झाकणावर पाणी साचतं, दिवसा तापून आतली हवा बाहेर, रात्री गार झालं की बुचाच्या कडेने पाणी आत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा तर "सील आहे ना" म्हणून तसेच ठेवलेले बॅरल लोकांनी महिनाभराने मशीनमध्ये ओतले, आणि तेल ताकासारखं पांढरं का झालं म्हणून फोन मला. शेड नसेल तर बॅरल आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात.