होळकरकालीन वेशासाठी जोडा निवडताना

इंदुरात अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या अहिल्योत्सवाच्या पालखीसाठी किंवा तिथल्या राजवाड्यासमोरच्या एखाद्या प्रवेशासाठी होळकरकालीन वेश करणारी आपली मंडळी पगडी आणि अंगरख्यावर महिनाभर खपतात, आणि जोडा मात्र आदल्या संध्याकाळी घाईने विकत घेतात. पहिल्या वर्षी मीही तेच केले. फोटोत वरून मी शिलेदार दिसतो आणि खालून नवरदेव.

प्रथम भूमिका ठरवावी. अहिल्याबाईंच्या कारभाराचा काळ १७६७ ते १७९५ हा आहे, आणि त्या काळातला भोई किंवा साधा सेवक उभा करायचा असेल, तर अनवाणी पाय खुशाल चालतील. सरदारासाठी चढाव (जुन्या धाटणीचा एक जोडा) किंवा साधा चामडी जोडा घ्यावा. मात्र बैठकीवर जोडे काढूनच बसत असल्यामुळे दरबारी चित्रांत नमुना शोधण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा रिकिबीत पाय दिसतो अशी घोडेस्वारांची चित्रे पाहावीत.

दुकानात जरीकाम बघण्याआधी जोडा उलटा करावा. रबर टिकाऊ करण्याची कृती १८३९ नंतरची आणि क्रोमने कमावलेले चामडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, त्यामुळे आपल्या काळाला दोन्ही चालत नाहीत. चामड्याची कापलेली कड नीट न्याहाळावी: आत निळसर-करडी रेघ दिसली तर ते बहुधा क्रोमचे असते, बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याची कड तपकिरी असते. तळावरून छोटे लोहचुंबक फिरवले की लपवलेले खिळेही सापडतात (टाचेला नाल असेल तर गोष्ट वेगळी). शिवण हाताची असावी.

जुन्या धाटणीच्या जोड्यात डावा-उजवा असा भेद नसतो, म्हणून तो सुरुवातीला दोन्ही करंगळ्यांना सारखाच छळतो. त्यावर एक नंबर मोठा घेणे हा उपाय नव्हे, कारण चामडे सैलावते आणि मग टाच चालताना फटफट वाजते. नेमक्या मापाचा घेऊन, आतून एरंडेल चोळून, आठवडाभर घरात रोज अर्धा तास वापरावा आणि कोणता कोणत्या पायाचा याची आत खूण करावी. डांबरी रस्त्यासाठी आत नमद्याचा (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा) पातळ तुकडा घालायला माझी हरकत नाही, कारण तो दिसत नाही. खाली रबर ठोकून घेण्याला मात्र आहे.

पालखी पावसाळ्यात निघते, तेव्हा जोडा भिजणारच. भिजल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. उन्हात ठेवला तर चामडे कडक होऊन टाचेपाशी तडकते.