जुना डिझेल ट्रक घेण्यापूर्वी त्याचे आवाज कसे पारखावेत

जुना ट्रक पाहायला जाण्याच्या आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवावे, की आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेट उघडताच इंजिनाची ऊब जाणवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे, असे माझे ठाम मत आहे. थंड इंजिन ऐकल्याविना सौदा करू नये.

थंड डिझेल इंजिन खडखडणारच. सिलिंडर गार असताना फवारलेले डिझेल पेटायला किंचित उशीर होतो, तेवढ्या वेळात साचलेले इंधन एकदम पेटते आणि दाब झटक्यात वाढून ठोका ऐकू येतो. इंजिन तापत जाईल तसा हा आवाज मऊ व्हायला हवा. झिजलेल्या पिस्टन-लायनरची (लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतील नळी) पोकळ खटखटही तापल्यावर दबते, म्हणून ती सुरुवातीच्या काही मिनिटांतच कान देऊन ऐकावी लागते. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे मात्र उलट असते: तेल गरम होऊन पातळ झाले आणि इंजिनावर ताण आला, की त्याचा जड, खोल ठोका अधिक स्पष्ट होतो. असा ठोका आढळल्यास क्रँकच्या कामाचा पूर्ण खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. इंजिनाच्या माथ्यावर येणारी बारीक, एकसारखी टिकटिक बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची असते आणि ती अनेकदा टॅपेट सेट करून जाते.

ठोका नेमक्या कोणत्या सिलिंडरमधून येतो, हे शोधण्यासाठी जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर मिस्त्री एकेका नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचा नट सैल करून पाहतात. ज्याचे इंधन तोडल्यावर ठोका थांबतो किंवा हलका होतो, तो दोषी सिलिंडर. कॉमन रेल इंजिनावर (ज्यात सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते), म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) ट्रकांवर आणि त्याआधीच्याही अनेक गाड्यांवर, हा प्रयोग कोणालाही करू देऊ नये. तेथील दाब १००० बारच्या वर जातो आणि निसटलेली डिझेलची धार त्वचा भेदून आत शिरू शकते.

टर्बोची हलकी शिट्टी स्वाभाविक आहे. घासल्यासारखा किंवा भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज मात्र स्वाभाविक नाही. ताण देताच सूं असा आवाज आणि सोबत काळा धूर आला, तर टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा हवेचा पाइप फुटला आहे का, हे पाहावे.

गिअरबॉक्सची परीक्षा सोपी आणि फार उपयोगी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबावा आणि सोडावा. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंगवर.

त्यानंतर शक्यतो भरलेल्या गाडीची चाचणी घ्यावी, कारण रिकाम्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा आणि हौद्याचा खडखडाट इतर आवाज झाकून टाकतो. गाडी जागेवरून उचलताना खट् असा आवाज प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा असू शकतो. ॲक्सिलरेटर दिल्यावर येणारा आणि सोडल्यावर बदलणारा हुंकार मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीकडे बोट दाखवतो. वळणावर, एका बाजूला भार पडताच वाढणारी गुणगुण असेल तर त्या बाजूचे व्हील बेअरिंग तपासून घ्यावे.

शेवटी ब्रेकच्या हवेच्या टाक्या पूर्ण भरू द्याव्यात, चाकांना ओट (अडसर) लावून इंजिन बंद करावे आणि एकाला ब्रेक दाबून धरायला सांगून गाडीभोवती शांतपणे फिरावे. फुसफुस जेथे ऐकू येईल ती जागा खडूने खुणावी आणि गेजचा काटा किती उतरला, हे मालकाच्या समक्ष पाहावे.