भिंतीवर फळी बसवण्यापूर्वी करायची तयारी

काम एक फळी बसवण्याचे असले, तरी यादीतील पहिला मुद्दा हत्याराचा नसून भिंतीचा आहे. ती विटांची आहे, काँक्रीटची आहे की आतून पोकळ, हे ठरल्याशिवाय बिट (ड्रिलला लावायची, भोक पाडणारी सळी) किंवा गट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायचा तुकडा) निवडता येत नाही. फळीमागे झाकली जाईल अशा जागी बारीक बिटाने एक चाचणीचे भोक पाडून पडणारी भुकटी पाहावी. गिलावा संपल्यावर लाल भुकटी येऊ लागली तर विटा आहेत. करडी भुकटी येऊन बिट पुढे सरकेनासे झाले तर काँक्रीट आहे. आणि बिट एकाएकी आत गेले तर मागे पोकळी आहे, जिथे साधी गट्टी धरत नाही आणि आत जाऊन फाकणारी वेगळी गट्टी लागते.

त्यानंतर भिंतीच्या आत काय आहे, याचा विचार करावा. विजेच्या तारा बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडव्या जातात आणि पाण्याचे नळही तसेच, म्हणून या रेषांमध्ये भोक घेऊ नये. हातातला साधा टेस्टर गिलाव्याआडची तार दाखवत नाही. त्यासाठी वेगळे शोधयंत्र मिळते. तरीही त्या भागाचा एमसीबी, म्हणजे तिथली वीज तोडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच, बंद करून ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी, हे उत्तम.

ड्रिल महाग असण्यापेक्षा त्याला बिट योग्य असणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. विटा आणि काँक्रीट यांसाठी टोकाला कार्बाइडची चपटी पाकळी बसवलेले बिट लागते, आणि भोक पाडताना मशीनवरील हातोडीच्या चिन्हाकडे कळ वळवावी लागते. लाकूड व धातू यांसाठी धारदार टोकाचे साधे बिट वापरावे आणि तेव्हा हातोडीची कळ बंद ठेवावी. टाइलवरही ती बंदच हवी, नाहीतर टाइल तडकते. तिथे भाल्याच्या आकाराचे टाइलचे बिट कमी वेगाने चालवावे आणि खूण केलेल्या जागी चिकटपट्टी लावावी, म्हणजे बिट घसरत नाही. बिट पकडणारा ड्रिलचा जबडा, म्हणजे चक, चावीचा असल्यास तो तिन्ही भोकांतून आळीपाळीने आवळावा आणि मशीन सुरू करण्यापूर्वी चावी काढली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. विसरलेली चावी गोळीसारखी उडते.

गट्टी ६ मि.मी.ची असेल तर बिटही ६ मि.मी.चेच घ्यावे, ‘थोडे सैल बरे’ म्हणून मोठे बिट घेतले की स्क्रू आवळताना गट्टीही त्याच्याबरोबर फिरत राहते. भोक गट्टीच्या लांबीपेक्षा ५ ते १० मि.मी. अधिक खोल असावे, कारण तळाशी भुकटी साचते. ही खोली बिटावर चिकटपट्टी गुंडाळून आधीच खुणावून ठेवावी. स्क्रूची लांबी मोजताना ब्रॅकेटची, म्हणजे फळीला खालून आधार देणाऱ्या कोनाची, जाडी विसरू नये.

मोजपट्टीच्या टोकाचा हूक किंचित हलतो, म्हणून ती बिघडली असे समजून मी एकदा तो ठोकून पक्का केला होता. वास्तविक तो स्वतःच्या जाडीएवढाच हलतो, आणि म्हणूनच कडेला अडकवून किंवा भिंतीला टेकवून, दोन्ही प्रकारे माप बरोबर येते. स्पिरिट लेव्हल, म्हणजे फळी समतल आहे का हे बुडबुड्याने दाखवणारी पट्टी, मात्र तपासूनच घ्यावी: एका जागी ठेवून बुडबुडा पाहावा, मग ती आहे त्याच जागी टोके अदलाबदल करून ठेवावी, बुडबुडा दुसरीकडे सरकला तर ती लेव्हल विश्वासाची नाही.

डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क हवा. हातमोजे मात्र ड्रिल चालवताना घालू नयेत, कारण फिरत्या बिटात कापड अडकले की हातही ओढला जातो. सैल बाह्या आणि मोकळे केस यांचेही तेच.

दोन्ही ब्रॅकेटांची भोके एकदम खुणावण्याचा मोह टाळावा. आधी एक ब्रॅकेट बसवून त्यावर फळी टेकवावी, दुसरे टोक कोणाला तरी धरायला सांगून लेव्हल पाहावी आणि मगच दुसऱ्या ब्रॅकेटची खूण करावी. शेवटचे दोन-तीन आटे मशीनने नव्हे, हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने आवळावेत, म्हणजे गट्टी धरते आहे की फिरते आहे, हे मनगटाला कळते.