ट्रेडमार्कच्या ताज्या निकालांवर लक्ष कसे ठेवावे

सोलापुरात ट्रेडमार्कची कामे करणाऱ्या वकिलाकडे टॉवेल-चादरीचे कारखानदार येतात, शेंगा चटणीचे विक्रेते येतात, गणवेशाचे उत्पादक येतात, आणि हल्ली त्यांतले बरेच जण मोबाइलवर आलेली बातमी दाखवून विचारतात, ‘साहेब, आता कोर्टानेच असे ठरवले आहे ना?’ बातमी सहसा खरी असते, पण तिच्यावरून काढलेला अर्थ सहसा चुकलेला असतो. निकाल कोणी दिला आणि काय दिला एवढे बातमीत येते. तो दाव्याच्या कोणत्या टप्प्यावर दिला आणि आज तो टिकून आहे का, हे येत नाही. रोज एक निकाल वाचत जा, असा सल्ला नव्या वकिलांना सर्रास दिला जातो. मी तो कोणालाही देत नाही, कारण देशभरातल्या ट्रेडमार्कच्या आदेशांची संख्या पाहता तो पाळता येत नाही, आणि पाळला तरी घाईने वाचलेला आदेश न वाचलेल्या आदेशापेक्षा अधिक नुकसान करतो. आठवड्याला दोन-तीन निकाल निवडून ते पूर्ण तपासून वाचावेत, असे माझे ठाम मत आहे.

पुढचे लेखन तरुण वकिलांसाठी, नोंदणीची कामे पाहणाऱ्या सल्लागारांसाठी आणि स्वतःच्या मालाच्या नावाची काळजी असलेल्या उद्योजकांसाठी आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ हाताशी आहे आणि त्यातली कलमे ९, ११, २९ आणि ३४ सावकाश वाचून झाली आहेत, हे मी गृहीत धरतो.

१. आपली न्यायालये ठरवा

कलम १३४ प्रमाणे नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात दाखल करता येत नाही. सोलापूरच्या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचे सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूरसह सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले आहेत. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोध घेताना मुंबईबरोबर कोल्हापूरही पाहण्याची सवय लावून घ्यावी. जुन्या सवयीच्या वकिलांकडून हे हमखास राहून जाते.

दिल्लीचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. एप्रिल २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाले, नोंदणी कार्यालयाच्या आदेशांवरची अपिले उच्च न्यायालयांकडे आली, आणि जुलै २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बौद्धिक संपदेसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. तेव्हापासून या विषयाच्या बातम्यांत दिल्लीचेच आदेश अधिक दिसतात. ते जरूर वाचावेत, त्यांतले विवेचन अनेकदा उत्तम असते; परंतु सोलापूरच्या न्यायाधीशांवर ते बंधनकारक नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल बंधनकारक आहेत. उदाहरणार्थ, समोरच्याच्या नोंदणीची वैधता अंतरिम टप्प्यावर तपासता येते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २३ डिसेंबर २०१४ रोजी ल्युपिन विरुद्ध जॉन्सन अँड जॉन्सन या प्रकरणात दिलेले आहे: तपासता येते, पण नोंदणी पाहताक्षणीच बेकायदा, लबाडीने मिळवलेली किंवा न्यायालयाच्या सदसद्विवेकाला धक्का देणारी असेल तरच. दिल्लीचा कितीही ताजा आदेश दाखवला तरी इथे हीच कसोटी लागते.

२. मूळ निकालपत्र मिळवा

सर्वोच्च न्यायालयाचे संकेतस्थळ, त्याचे ई-एससीआर हे विनामूल्य दालन, उच्च न्यायालयांची संकेतस्थळे आणि इंडियन कानून हे निकाल शोधण्याचे संकेतस्थळ, एवढे पुरते. ई-एससीआरवर काही निकालांची मराठी भाषांतरे मिळतात, विषय समजण्यासाठी ती चांगली आहेत. न्यायालयात मात्र मूळ इंग्रजी पाठच द्यावा. नोंदणी कार्यालयाचे ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघते आणि ते पाहावेच लागते, म्हणून निकालांसाठीही मी सोमवारची संध्याकाळ ठेवली आहे.

३. निकालाची अवस्था तपासा

सगळ्यात कठीण टप्पा हाच आहे आणि मी स्वतः इथेच अडखळलो होतो. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका टॉवेल उत्पादकाच्या बाजूने निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, मी युक्तिवाद करत होतो. रोजच्या वापरातल्या शब्दावर एकाची मक्तेदारी नको, असे म्हणणारा दुसऱ्या एका उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांचा आदेश मला सापडला होता आणि माझा सगळा भर त्याच्यावर होता. समोरच्या वकिलांनी शांतपणे दोन पाने न्यायाधीशांपुढे ठेवली: तो आदेश खंडपीठाने तीन महिन्यांपूर्वीच रद्द केला होता. अर्जाचा निकाल आमच्याविरुद्ध गेला आणि लग्नसराईसाठी छापून ठेवलेली लेबले माझ्या पक्षकाराला गोदामात तशीच ठेवून द्यावी लागली. आदेश कोणत्या अवस्थेत आहे हे पाहायला तेव्हा मला दहा मिनिटे लागली असती. त्यानंतर ही तपासणी केल्याशिवाय मी एकही निकाल वापरलेला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आदेश एकतर्फी आहे, अंतरिम आहे की अंतिम, हे ओळखा. बातम्यांत येणाऱ्या ट्रेडमार्कच्या आदेशांपैकी फार मोठा भाग अंतरिम मनाईचा असतो. प्रतिवादीला न ऐकता दिलेल्या एकतर्फी आदेशातून कायद्याचे तत्त्व शोधू नये, आणि तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्यातून तर मुळीच शोधू नये, कारण तिथे न्यायालयाने वादाचा निर्णयच केलेला नसतो. दोन्ही बाजू ऐकून दिलेला अंतरिम आदेश वाचण्याजोगा असतो. पण त्यातले प्रत्येक मत प्रथमदर्शनी असते आणि पुरावा झाल्यावर ते बदलू शकते.

हा फरक कागदावरचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०२३ रोजी बृहन् करण शुगर सिंडिकेट विरुद्ध यशवंतराव मोहिते कृष्णा सहकारी साखर कारखाना या प्रकरणात स्पष्ट केले. वाद देशी दारूच्या बाटलीवरच्या ‘टँगो पंच’ या लेबलचा होता. मालाच्या विक्रीचे आणि जाहिरातखर्चाचे, सनदी लेखापालाच्या सहीचे तक्ते वादीने दाखल केले होते, पण तो लेखापाल साक्षीला आला नव्हता. न्यायालयाने सांगितले की असे तक्ते अंतरिम मनाईच्या वेळी प्रथमदर्शनी विचारात घेता येतील, पण अंतिम सुनावणीत त्यांतले आकडे कायद्याने ठरलेल्या रीतीने सिद्धच करावे लागतात. लौकिक सिद्ध झाला नाही आणि दुसऱ्याच्या नावावर माल खपवल्याचा दावा टिकला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक उत्पादकाच्या वकिलाने हा निकाल वाचलाच पाहिजे असे मला वाटते, कारण आपल्याकडे अजूनही लेखापालाचा दाखला जोडला म्हणजे काम झाले असे समजतात.

दुसरी गोष्ट, आदेशाच्या पुढे काय झाले ते पाहा. पुण्याच्या ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहाचे प्रकरण इथे सगळ्यात चांगले शिकवते. अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दाखल केलेला दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला, आणि ‘स्थानिक दुकान जिंकले’ अशी बातमी सगळीकडे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असेपर्यंत पुण्याच्या उपाहारगृहाला ते नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. वर्षभराच्या आत एकाच वादात तीन न्यायालयांचे तीन आदेश, आणि प्रत्येक बातमी आपापल्या दिवशी खरी. यांतली एकच बातमी जपून ठेवणारा उद्योजक आपल्या नावाबद्दल कोणता निर्णय घेईल, याचा विचार करावा. माझ्याकडे आलेल्या दोघांनी पहिल्या बातमीवर विसंबून मोठ्या कंपन्यांच्या नोटिसांना उत्तरच पाठवले नव्हते.

पुढचा प्रवास शोधण्याची रीत अशी: निकालपत्राच्या पहिल्या पानावरून प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष घ्या, त्या उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने अपील दाखल आहे का ते पाहा, आणि मग तेच नाव सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहा. इंडियन कानूनवर निकाल दिसतो म्हणजे तो कायम आहे असे मुळीच समजू नका. तिथे रद्द झालेला आदेशही तसाच दिसत राहतो. पक्षकारांची नावे इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात, म्हणून एका शोधावर थांबू नका.

सापडलेल्या आदेशाचा अर्थ लावतानाही दोन ठिकाणी हमखास चूक होते. स्थगिती मिळालेला आदेश रद्द झालेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात सांगितल्याप्रमाणे स्थगितीने आदेशाची अंमलबजावणी थांबते, आदेश नाहीसा होत नाही. आणि विशेष अनुमती याचिका कारणे न देता फेटाळली गेली, तर ‘सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले’ असे म्हणू नये. २००० साली कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात ठरले आहे की अशा फेटाळणीने खालचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही. न्यायालयाने फक्त अपिलाची परवानगी नाकारलेली असते. वृत्तपत्रांचे मथळे हा भेद पाळत नाहीत. वकिलांनी तरी तो पाळावा.

४. शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचा

मधले एखादे वाक्य उचलून वापरणे हा या विषयातला जुना दोष आहे. १९६२ चा ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. सरासरी बुद्धीच्या, अर्धवट आठवणीवर विसंबणाऱ्या गिऱ्हाईकाच्या नजरेने नावे तोलावीत, हा त्यातला भाग प्रत्येक जण उद्धृत करतो. पण त्याच निकालात नावे फसवी ठरण्याइतकी सारखी आहेत असे म्हणूनही, दीर्घकाळ चाललेल्या वापराकडे प्रतिस्पर्ध्याने केलेला कानाडोळा लक्षात घेऊन, ‘लक्ष्मणधारा’ची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मान्य करणारा निबंधकांचा आदेश कायम झाला. अर्धा निकाल वाचणाऱ्याला आपली बाजू कुठे अडचणीत येईल हे कळतच नाही.

ताज्या निकालांतही हेच आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्लेंडर्स प्राइड’च्या मालकांना ‘लंडन प्राइड’विरुद्ध अंतरिम मनाई नाकारणारे आदेश कायम ठेवले. ‘प्राइड’सारख्या प्रशंसावाचक, सर्रास वापरातल्या शब्दावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही आणि चिन्हे अखंड रूपात तोलायची, असे त्यात म्हटले आहे. यावरून ‘सामान्य शब्द कोणीही घ्यावा’ असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत. तो चूक आहे. वेष्टन, बाटली आणि नावाचा उरलेला भाग या सगळ्यांचा विचार करून ते मत दिलेले आहे, आणि तेही अंतरिम टप्प्यावर. याच्या शेजारी १९ जानेवारी २०२२ चा ‘रेनेसान्स’ विरुद्ध ‘साई रेनेसान्स’ हा निकाल ठेवून वाचावा: तिथे नोंदणीकृत शब्द जसाच्या तसा, त्याच सेवेसाठी घेतला होता आणि पुढे ‘साई’ जोडल्याने प्रतिवादीचा बचाव झाला नाही. आपल्याकडे ‘श्री’, ‘न्यू’, ‘सिद्धेश्वर’ जोडून नाव वेगळे झाले असे मानणारे फार आहेत. त्यांच्यासाठी हे दोन निकाल एकत्र वाचणे आवश्यक आहे.

सोलापूरपुरते आणखी दोन मुद्दे निकाल वाचताना डोक्यात ठेवावेत. इथले गिऱ्हाईक मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलते, त्यामुळे नावांच्या उच्चारसाम्यावरचा निकाल वाचताना तेच नाव या चारही भाषांच्या तोंडी कसे येईल हे म्हणून पाहावे. दुसरे, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. ‘सोलापुरी’ या शब्दावरचा वाद त्या कायद्याच्या अंगानेही जातो आणि केवळ ट्रेडमार्कचे निकाल तिथे अपुरे पडतात.

आधीच्या वापराचा प्रश्न असेल तर २०१५ मधला तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलव्या’चा निकाल पाहा. नोंदणीपेक्षा आधीच्या वापराचा हक्क श्रेष्ठ, हे त्यात नीट मांडले आहे.

५. नोंद ठेवा

प्रत्येक निकालासाठी एक पान. वर न्यायालय, तारीख, टप्पा. मध्ये माल, दोन्ही नावे आणि निर्णयाचे कारण स्वतःच्या शब्दांत चार ओळींत. खाली ‘अवस्था तपासली’ असे लिहून त्यापुढे तारीख. माझ्या वहीत काही निकालांपुढे अशा सहा-सात तारखा आहेत. युक्तिवादाच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा तपासायचे आणि नवी तारीख घालायची.